पिस्टन मागे कोण आणतो?

संपादक मंडळाचा फोन आला तेव्हाच मला बजावण्यात आले होते : "शाळेच्या आठवणी नकोत. पिंपळाच्या पारावर सात लेख आलेत आणि मधल्या सुट्टीतल्या भेळेवर चार. तू तुझ्या कामातलं काहीतरी लिही." माझे काम म्हणजे गेली चौतीस वर्षे गाड्यांचे ब्रेक, आणि त्यातली पंचवीस-एक वर्षे मोटरसायकलचे डिस्क ब्रेक. या ब्रेकच्या पोटात वाटीच्या आकाराची, मुठीत सहज मावणारी एक वस्तू असते. तिला कॅलिपरचा पिस्टन म्हणतात. तिचा इतिहास लिहितो, असे मी सांगितले. पलीकडे जरा शांतता पसरली. मग "बरं, दोन हजार शब्दांत आटप" असे उत्तर आले. ते काही मला जमलेले नाही.

आणि आठवण अगदीच टाळता येत नाही, कारण माझ्यापुरता हा इतिहास आपल्या प्रयोगशाळेतच सुरू होतो.

आपण नववीत होतो. विज्ञानाच्या सरांनी सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून दोन काचेच्या सिरिंजा मागून आणल्या होत्या, एक लहान, एक मोठी. मधे सलाईनची नळी आणि आत लाल शाईचे पाणी. बंद जागेतल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. ब्लेझ पास्कल या फ्रेंच माणसाने तो सतराव्या शतकात सांगितला. मोठ्या सिरिंजचा व्यास लहानीच्या दुप्पट होता, म्हणजे क्षेत्रफळ चौपट आणि जोरही चौपट. सरांनी मागच्या बाकावरून पानाला बोलावले. (त्याचे खरे नाव छापायचे नाही अशी त्याची अट आहे. पण खिशात सतत दहा-अकराचा पाना घेऊन वर्गात येणारा कोण, हे आपल्या तुकडीत कुणाला सांगायला नको.) मोठ्या सिरिंजचा दट्ट्या त्याने अंगठ्याने दाबून धरायचा आणि सर लहान दट्ट्या एका बोटाने ढकलणार. पानाचा अंगठा काही टिकला नाही. वर्ग हसला. तो हसला नाही. हातातल्या सिरिंजकडे बघत म्हणाला, "सर, पुढं गेला हे कळलं. आता ह्याला मागं कोण आणणार?"

सर म्हणाले, "लहान ओढला की येईल."

"आणि ओढायचा नसला तर? नुसतं बोट काढलं तर?"

तास संपल्याची घंटा झाली. सर म्हणाले, "पुढच्या तासाला." पुढच्या तासाला आर्किमिडीज सुरू झाला. यात सरांची चूक नाही, अभ्यासक्रमच तसा होता. पण मित्रांनो, डिस्क ब्रेकच्या पिस्टनचा सगळा इतिहास त्या प्रश्नाभोवती फिरतो हे मला कळायला पुढे वीस वर्षे लागली, आणि ते ज्या प्रकारे कळले ते सांगायला आणखी वीस.

डिस्क ब्रेकची कल्पना तशी जुनी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या मोटार बनवणाऱ्या इंजिनियरने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडायचे की चाक थांबले. पण पकडायला त्याच्याकडे तांब्याचे तुकडे होते. रस्ते धुळीचे. तांबे भराभर झिजायचे आणि धातूवर धातू घासून जो किंचाळा उठायचा तो ऐकून घोडे बुजत असतील. कल्पना बाजूला पडली आणि पुढची पन्नास वर्षे ड्रम ब्रेकने राज्य केले.

ड्रमने राज्य केले याला एक चांगले कारण आहे. ड्रमच्या आतला लायनर एकदा फिरत्या ड्रमला टेकला की चाकाचे फिरणेच त्याला आणखी आत ओढते. आपण थोडे दाबायचे, बाकीचे चाक करून घेते. म्हणून साध्या केबलवर किंवा रॉडवर काम भागते. तबकडीच्या चिमटीत अशी फुकटची मदत नाही. जेवढा जोर लावाल तेवढाच मिळेल. माणसाच्या चार बोटांचा जोर केबलने तिथे पोचवून गाडी थांबणे कठीण. म्हणून डिस्कला पास्कल लागला : तेल, नळी आणि पिस्टन. उदाहरणार्थ, हँडलवरच्या मास्टर सिलिंडरचा व्यास १४ मिलिमीटर आणि खाली चाकापाशी पिस्टन ३८ मिलिमीटरचा घेतला, तर बोटांचा जोर सुमारे ७.४ पट होतो. लिव्हरची स्वतःची पट वेगळीच. सरांच्या दोन सिरिंजा हँडलपासून चाकापर्यंत ताणल्या की डिस्क ब्रेक झाला.

हे तेलाचे तंत्र मोटारींत १९२० च्या दशकात ड्रम ब्रेकसाठी आले होते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चाकांना डिस्क बसल्या, कारण उतरणाऱ्या विमानाची उष्णता ड्रमला झेपेना. तिथून डनलॉप कंपनीने त्या शर्यतीच्या मोटारींत आणल्या. १९५३ साली फ्रान्समध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आली. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन चालवत होते, आणि त्या शर्यतीत सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांच्या वर गेला. इतरांचे ड्रम तापून नरम पडत असताना यांना वळणाच्या कितीतरी जवळ जाऊन ब्रेक मारता येत होता. त्यानंतर डिस्क हवी की नको हा वाद राहिला नाही. प्रश्न राहिला तो पानाचा.

कारण पुढे ढकललेला पिस्टन मागे आला नाही, तर पॅड डिस्कला घासत राहतो. ब्रेक सोडलेला असतो, पण सुटलेला नसतो. चालवणाऱ्याला कळत नाही, गाडी थोडी जड वाटते एवढेच. तिकडे डिस्क तापत जाते, उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून तेलात उतरते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. नवे 'डॉट ४' जातीचे तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. त्यातच पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही हद्द १५५ अंशांवर येते. तेल उकळले की वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते. मग लिव्हर दाबला तर तो हँडलला जाऊन टेकतो आणि गाडी जशी चालली आहे तशीच चालत राहते. ब्रेक अडकल्यामुळे ब्रेक नाहीसा होतो. ऐकायला विचित्र वाटते, पण घाटात ते तसेच घडते.

स्प्रिंग लावली तर? पॅड झिजत जातो तसा पिस्टन थोडा थोडा पुढे सरकलेला असतो. स्प्रिंग त्याला दर वेळी पार मुळापर्यंत ओढून नेईल आणि पुढच्या वेळी लिव्हर दाबून दाबून तो परत आणावा लागेल. मागे यायला हवा, पण फक्त केसभर, आणि झिजेप्रमाणे त्याची जागा आपोआप बदलायला हवी. मास्टर सिलिंडरमध्ये स्प्रिंग असते, पण ती तिथल्याच पिस्टनला मागे आणते. खालच्या पिस्टनला ओढून घेण्याचे काम तिच्यावर सोडता येत नाही. म्हणजे सरांचे "लहान ओढला की येईल" हे उत्तर इथे पुरत नव्हते.

डनलॉपच्या त्या सुरुवातीच्या मोटार कॅलिपरांत यावर केलेला उपाय मी पहिल्यांदा आकृतीत पाहिला तेव्हा हात जोडले. सिलिंडरच्या तळाला एक खिळा ठोकलेला, पिस्टनच्या पोटात एक घट्ट बुश आणि त्या बुशने खिळा पकडलेला. ब्रेक सोडला की ही जोडी पिस्टनला सुमारे पाव मिलिमीटर मागे घेते. पॅड झिजला तर बुश खिळ्यावरून सरकून नवी जागा धरतो. बुद्धिमान, पण बारीक तुकड्यांचा खेळ. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आले की तेल गळू नये म्हणून पिस्टनभोवती जी रबराची रिंग घालतोच, तिच्याकडूनच हे काम करून घेता येईल.

आज तुमच्या दाराशी उभ्या असलेल्या कोणत्याही डिस्क ब्रेकच्या गाडीत तेच आहे. रिंग गोल नसते, चौकोनी कापाची असते. ती पिस्टनवर नव्हे, तर सिलिंडरच्या भिंतीत कोरलेल्या खाचेत बसते आणि पिस्टनला घट्ट आवळून धरते. दाब आला की पिस्टन पुढे सरकतो. त्याला चिकटलेली रिंगची आतली कड त्याच्याबरोबर ओढली जाते, बाहेरची कड खाचेत राहते. म्हणजे रिंग पिळवटते. दाब गेला की रबर आपल्या मूळ आकारात येते आणि पिस्टनला बरोबर घेऊन येते. किती? एक-दोन दशांश मिलिमीटर, पोस्टकार्डाच्या जाडीहून कमी. तेवढे पुरते. पॅड झिजला असेल तर रिंगच्या ताणण्याची हद्द संपते, पिस्टन तिच्यातून किंचित पुढे घसरतो आणि तिथून पुन्हा तेवढाच मागे येतो. खिळा नाही, बुश नाही.

मात्र यात एक मेख आहे. रिंगला पिळवटायला जागा लागते. म्हणून खाचेची पॅडकडची कड काटकोनात ठेवत नाहीत, तिला तिरका काप देतात. कारखान्यात त्याला चँफर म्हणतात. रिंग त्या कापात कलते. काप जास्त झाला तर पिस्टन जास्त मागे येतो आणि लिव्हर लांब जातो. काप नसेल तर रिंगला कलायला जागाच नाही, पिस्टन तिच्यातून घसरून पुढे जातो आणि तिथेच बसतो. सगळा ब्रेक या न दिसणाऱ्या कापावर उभा असतो. हा परिच्छेद लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

दुचाकीवर डिस्क उशिरा आली. मोठ्या उत्पादनातली पहिली बहुधा लॅम्ब्रेटाची टीव्ही १७५, साल १९६२. तीच लॅम्ब्रेटा, जी मुंबईत एपीआय जोडत असे आणि जिच्यावरून आपले गणिताचे सर शाळेत यायचे. त्यांच्या स्कूटरला अर्थातच ड्रम होते. टीव्ही १७५ च्या पुढच्या चाकातली डिस्कही केबलवर चालणारी होती, तेलावर नाही. खरी सुरुवात होंडाने केली. १९६८ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या प्रदर्शनात सीबी ७५० दाखवली आणि १९६९ पासून ती विकायला लागली. होंडाच्या स्वतःच्या इतिहासात नोंद आहे की कारागिरांनी ड्रमची आणि डिस्कची अशी दोन्ही रूपे तयार ठेवली होती, डिस्कचे काम अजून पक्के झालेले नव्हते, आणि सोइचिरो होंडांनी मागचापुढचा विचार न करता डिस्क घ्यायला सांगितले. सुमारे २०० किलोमीटर वेगाची गाडी सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, तर दुसरे काय करणार?

त्या कॅलिपरमध्ये एकच पिस्टन होता, सुमारे ३८ मिलिमीटरचा. एका बाजूने ढकलणारा एक पिस्टन दोन्ही बाजूंनी कसा पकडतो? इथे न्यूटन मदतीला येतो. तेल पिस्टनला जेवढे पुढे ढकलते तेवढेच कॅलिपरच्या अंगाला मागे ढकलते. कॅलिपर हलता ठेवला की तो मागे सरकताना पलीकडचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. सीबी ७५० चा कॅलिपर बिजागरीसारख्या हातावर झुलत असे. एका पिस्टनच्या खर्चात दोन पॅड. बिजागरीत चिखल आणि गंज भरला की झुलणे बंद, हा तोटा. पुढे झुलण्याऐवजी दोन पिनांवर सरकणारे कॅलिपर आले आणि स्वस्त गाड्यांत आजही तेच आहेत. ज्यांना पैसे मोजायचे होते त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टन असलेले, न हलणारे कॅलिपर होते. इटलीत बेर्गामोजवळ १९६१ मध्ये सुरू झालेल्या ब्रेम्बोने १९७२ पासून मोटरसायकलचे ब्रेक बनवायला घेतले आणि त्या जातीत नाव काढले.

पिस्टनची संख्या वाढत गेली ती हौस म्हणून नव्हे, निदान सुरुवातीला तरी नव्हे. ३८ मिलिमीटरच्या एका पिस्टनऐवजी २७ चे दोन शेजारी शेजारी बसवा आणि क्षेत्रफळ काढून बघा : एकाचे सुमारे ११३४ चौरस मिलिमीटर, दोघांचे मिळून ११४५. जोर जवळजवळ तेवढाच. मग फायदा काय? मोठ्या पिस्टनचा मध्य डिस्कच्या कडेपासून निदान १९ मिलिमीटर आत राहतो, लहानांचा साडेतेरा. म्हणजे तोच जोर साडेपाच मिलिमीटर बाहेरच्या बाजूला लागतो. दार बिजागरीजवळ ढकलण्यापेक्षा कडीजवळ ढकलणे सोपे, तसेच हे. शिवाय पॅड लांब आणि अरुंद करता येतो, डिस्कचा घासणारा पट्टा अरुंद होऊन वजन वाचते. १९८० च्या दशकात जपान्यांनी हे सर्रास केले. मग लक्षात आले की लांब पॅडचे ज्या टोकाकडून डिस्क आत शिरते ते टोक जास्त रुतते आणि पॅड पाचरीसारखा तिरका झिजतो. यावर उपाय पिस्टनमध्येच : आत शिरण्याच्या बाजूला लहान पिस्टन, बाहेर पडण्याच्या बाजूला मोठा. ब्रेम्बोच्या एका जुन्या चार पिस्टनी कॅलिपरच्या नावातच ३०/३४ असे आकडे आहेत, ते हेच. १९९० च्या दशकात सहा पिस्टनांची टूम निघाली. कावासाकीच्या झेडएक्स-७आरला १९९६ मध्ये तसे होते. सहा पिस्टन म्हणजे सहा रिंगा, म्हणजे अडकायला सहा जागा. बहुतेक सगळे मुकाट्याने चारावर परत आले. आमच्या धंद्यात अशी माघार फार वेळा घेतली जात नाही, म्हणून मला ती आवडते.

धातूची गोष्ट थोडक्यात. पिस्टन वाटीसारखा पोकळ असतो आणि वाटीचे तोंड पॅडकडे. त्यामुळे पॅडला फक्त वाटीची कड टेकते आणि उष्णतेला आत यायची वाट अरुंद होते. पोलादावर क्रोमचा मुलामा हा जुना रिवाज. मुलाम्याला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असले तरी पावसाळ्यात तिथून गंज धरतो आणि त्या फोडावर रिंग फाटते. ॲल्युमिनियम हलके, पण स्टेनलेस स्टीलपेक्षा दहापटीच्या आसपास जास्त उष्णता वाहून नेणारे, म्हणून थेट तेल तापवणारे. मोटारींत फिनॉलिक, म्हणजे बॅकेलाइटच्या जातीचे पिस्टनही चालतात. शर्यतीत टायटॅनियम. ज्याला जे परवडेल ते.

आपल्याकडे काय होते? आपण दहावीत असताना शाळेच्या फाटकासमोर एका बागायतदाराच्या मुलाने नवी राजदूत ३५० उभी केली होती, आठवते? मधल्या सुट्टीत भेळवाल्याकडे कुणी गेले नव्हते. एस्कॉर्ट्सने ती १९८३ मध्ये यामाहाच्या आरडी ३५० वरून काढली. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क होती. आपल्याकडे येताना किंमत आटोक्यात राहावी म्हणून ड्रम बसवला. इंजिन आले, पिस्टन मात्र वेशीवरच राहिला. तो सर्वसामान्य मोटरसायकलवर दिसायला शतक संपावे लागले. हिरो होंडाची सीबीझी १९९९ ची, बजाजची पल्सर २००१ ची. त्यानंतर पुण्याच्या आसपास, चाकणपासून भोसरीपर्यंत, पिस्टन, रिंगा आणि कॅलिपरचे कारखाने उभे राहिले. ब्रेम्बोचाही चाकणला आहे. केटीएमची ३९० ड्यूक २०१३ मध्ये चाकणहून बाहेर पडू लागली ती पुढच्या चाकाला चार पिस्टनांचा, उभ्या बोल्टांनी कसलेला कॅलिपर घेऊनच. राजदूतच्या त्या ड्रमनंतर तीस वर्षांनी. २०१९ च्या एप्रिलपासून तर १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले.

त्या मधल्या काळात मी एका कारखान्यात कॅलिपरच्या तपासणी विभागाचा प्रमुख होतो. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते माझ्याविषयी आहे.

२००४ चा पावसाळा नुकताच संपला होता. नव्या गाड्यांचे पुढचे चाक जड फिरते, डिस्क तापते अशा तक्रारी यायला लागल्या. सगळ्यांत जास्त आपल्या गावातून, पानाच्या गॅरेजमधून. त्याच्याकडे तेव्हा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसचा बोर्ड होता आणि त्याचा त्याला केवढा अभिमान होता ते गावातल्यांना माहीत आहे. मग एक दिवस दुधाचे दोन कॅन लावून आपला घाट उतरणाऱ्या एका माणसाचा लिव्हर हँडलला टेकला. तो कठड्यावर आदळला. जीव वाचला, मांडीचे हाड मोडले. आजही लंगडतो.

माझ्याकडे पाच कॅलिपर तपासायला आले. एकाची रिंग फुगलेली होती. ब्रेकच्या या रिंगा ज्या रबराच्या असतात त्याला ब्रेक ऑइल चालते, पण साधे ग्रीस, इंजिन ऑइल किंवा पेट्रोल लागले की ते फुगते. हे रस्त्यावरच्या मेकॅनिककडून नेहमी होते. उरलेल्या चार रिंगा मापात होत्या. मी पाचांसाठी मिळून एकच अहवाल लिहिला : सर्व्हिस करताना चुकीचे ग्रीस वापरल्यामुळे रिंगा फुगल्या. फुगलेली रिंग ज्या गाडीची होती ती पानाने आधी कधी उघडलेलीसुद्धा नव्हती. हे कागदांत होते. मी ते पान उलटून पाहिले नाही.

त्या अहवालावर दूधवाल्याची मागणी फेटाळली गेली आणि पानाचा बोर्ड उतरला.

तीन आठवड्यांनी तो पुण्याला माझ्या घरी आला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कॅलिपर होते आणि हातात शाळेची असते तसली दोनशे पानी वही. चहा घेतला नाही. वही उघडली. एक जुना, व्यवस्थित चालणारा कॅलिपर आणि एक नवा अडकणारा, असे दोन घेऊन त्याने एकाची रिंग दुसऱ्यात, दुसऱ्याचा पिस्टन पहिल्यात, अशा सगळ्या जोड्या लावून बघितल्या होत्या. प्रत्येक वेळी ब्रेक मारून सोडायचा आणि चाक हाताने किती फेरे फिरते ते मोजायचे. रकाने पट्टीने आखलेले. नवी रिंग जुन्या अंगात : मोकळे. जुनी रिंग नव्या अंगात : जाम. नवा पिस्टन जुन्या अंगात : मोकळे. जुना पिस्टन नव्या अंगात : जाम. मग त्याने दोन्ही कॅलिपर हॅकसॉने मधोमध कापले होते. डब्यातून ते अर्धे तुकडे काढून माझ्यासमोर ठेवले आणि खाचेवर नख फिरवून म्हणाला, "ह्या जुन्याला कड तिरकी हाय. ह्या नव्याला न्हाई. आता तुझं ग्रीस कुठं लागलंय ते दाखव."

खाच कोरणाऱ्या हत्याराची धार झिजली होती. दुरुस्त करताना तिचा तिरका कोपरा गेला आणि पुढचे सगळे कॅलिपर चँफरशिवाय निघाले. खाचेची रुंदी आणि खोली आमच्या गेजमध्ये बरोबर बसत होती. चँफर गेजला दिसत नाही. त्यासाठी दातांचे डॉक्टर जबड्याचा साचा घेतात तसल्या रबरी मसाल्याने खाचेचा ठसा घ्यायचा, तो कापायचा आणि पडद्यावर मोठा करून बघायचा. वेळखाऊ काम. प्रत्येक पाळीला एकदा करायचे असा नियम होता. उत्पादन वाढवायचे म्हणून तो आठवड्याला एकदा असा मी केला होता. सही माझी.

मी नवा अहवाल लिहिला. त्यात शेवटी "आधीचा अहवाल मागे घेत आहे" असे वाक्य होते. वरच्या मजल्यावरून अहवाल परत आला तेव्हा ते वाक्य खोडलेले होते. मी खोडू दिले. घरात दोन लहान मुले आणि फ्लॅटचे हप्ते होते. पण ते कारण कुणाला पुरेल असे मला वाटत नाही, मलाही पुरलेले नाही. हत्यार बदलले, ठशाचा नियम पुन्हा पाळीला एकदा झाला, गाड्यांचे कॅलिपर सर्व्हिसच्या वेळी गुपचूप बदलून दिले गेले. दूधवाल्याला पुढे काही रक्कम मिळाली, चूक कुणाची हे न लिहिता. बोर्ड मात्र परत लागला नाही.

गावात त्या वेळी पानाने ग्रीस चुकीचे वापरले आणि माणूस मरता मरता वाचला असे बोलले जात होते. तुमच्यातल्या काही जणांनी त्यानंतर गाड्या दुसरीकडे नेल्या, हे मला ठाऊक आहे. आपल्या आधीच्या दोन स्नेहमेळाव्यांना मी हजर होतो आणि त्याच्याच शेजारी जेवायला बसलो होतो, तरीही हे बोललो नाही. म्हणून इथे छापून देतो : पानाने चुकीचे ग्रीस लावले नव्हते. दोष कॅलिपरच्या खाचेत होता, तो माझ्या हाताखालून गेला होता आणि तो शोधून काढला पानाने.

हा लेख पाठवण्याआधी गेल्या रविवारी त्याच्या गॅरेजवर जाऊन त्याला वाचायला दिला. त्याने चष्मा लावून, मधे दोन गिऱ्हाइके सांभाळून, पाऊण तासात वाचला. शेवटचा भाग वाचून झाल्यावर कागद माझ्याकडे दिला आणि काही बोलला नाही. समोरच्या गाडीचे पॅड बदलायला बसला. कॅलिपर उघडला, बाहेर आलेल्या पिस्टनभोवती साचलेली काळी धूळ ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसत राहिला. मग मान वर न करता विचारले, "पॅड बदलताना पिस्टन मागं ढकलायच्या आधी असा पुसायचा असतो, न्हाईतर सगळी घाण रिंगेत जाती. हे लिहिलंस का?"

लिहिले नव्हते. आता लिहिले आहे.